परिपाठातील प्रार्थना

मल्लेश्वरममधील काडु मल्लेश्वराच्या देवळाशी मराठी इतिहासाचा एक धागा गुंतलेला आहे. मेदरनिंगनहळ्ळी हे गाव एकोजीराजे भोसले यांनी या देवाला इनाम दिल्याचा १६६९ सालचा शिलालेख आहे. शहाजीराजांच्या जहागिरीमुळे बंगळूरशी जे नाते जडले, त्याची ती खूण होय. या देवळापासून जवळच माझे वास्तव्य आहे. सकाळी प्रथम देवळातील घंटा ऐकू येते आणि काही वेळाने शेजारच्या शाळेतील मुलांची प्रार्थना. दोन्ही ध्वनी कानाला सुखावणारेच. तरीही घंटेचा नाद ऐकताना मनात जो प्रश्न उठत नाही, तो प्रार्थनेचे सूर ऐकताना हटकून उठतो. देवळात जाणारा माणूस आपल्या पायांनी गेलेला असतो. शाळेच्या पटांगणावर रांगेत उभ्या असलेल्या मुलाविषयी असे म्हणता येईल काय?

हा प्रश्न मला पडतो याला एक जुने कारण आहे. १९८५ साली सीमाभागातील एका मराठी शाळेत मी काही महिने शिकवीत होतो. परिपाठाच्या वेळी मुलांच्या रांगांवर लक्ष ठेवण्याचे काम नवख्या शिक्षकाकडे असे. आठवीच्या वर्गातील एक मुलगा प्रार्थना चालू असताना शांतपणे उभा राही. मात्र तो हात जोडत नसे आणि त्याचे ओठही हलत नसत. तो खोड्या करीत नव्हता, कोणाला अडथळा करीत नव्हता. दोनचार दिवस मी पाहिले न पाहिल्यासारखे केले. मग एके दिवशी त्याला पुढे बोलावले आणि साऱ्या शाळेसमक्ष त्याचे दोन्ही हात माझ्या हातांनी धरून जोडून दिले. मुले हसली. दुसऱ्या दिवसापासून तो हात जोडू लागला. मुलाला वळण लागले, याचे मला समाधान वाटले. त्याने हात का जोडले नव्हते, हे मी त्याला तेव्हा विचारले नाही आणि नंतरही नाही. त्याच्या घरचा धर्म निराळा होता, घरात काही दुःख घडले होते, की देवाशीच त्याचे काही भांडण होते, यांपैकी मला काहीच ठाऊक नाही.

पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल वाचनात आला. केरळमधील एका शाळेने तीन भावंडांना काढून टाकले होते. राष्ट्रगीत चालू असताना ती मुले आदराने उभी राहत, परंतु यहोवाच्या साक्षीदारांच्या पंथाची असल्यामुळे ते गात नसत. न्यायालयाने ११ ऑगस्ट १९८६ रोजी मुलांच्या बाजूने निर्णय दिला. आदराने उभे राहणे हा अनादर नव्हे आणि मुखाने न गाणे हा गुन्हा नव्हे, असा त्याचा आशय. निकाल वाचताना मला आठवीतला तो मुलगा आठवला. केरळमधील मुलांची शाळा काही काळ तरी हिरावली गेली होती. माझ्या विद्यार्थ्याची शाळा टिकली होती, पण त्याचे मौन मी हिरावून घेतले होते.

कायद्याच्या अंगाने पाहिले तर या प्रश्नाचे उत्तर राज्यघटनेच्या २८ व्या अनुच्छेदात बरेचसे मिळते. संपूर्णपणे शासनाच्या पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही; मान्यताप्राप्त वा अनुदानित शाळेत विद्यार्थ्याला त्याच्या संमतीवाचून, आणि तो अज्ञान असेल तर पालकाच्या संमतीवाचून, धार्मिक शिक्षण घेण्याची वा उपासनेला उपस्थित राहण्याची सक्ती करता येत नाही. नाशिकमधील एका शिक्षकाने प्रार्थनेच्या वेळी हात जोडण्यास नकार दिला आणि त्यापायी वेतनश्रेणीचा लाभ गमावला, तेव्हा २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्याचा नकार न्याय्य ठरविला. केंद्रीय विद्यालयांतील संस्कृत व हिंदी प्रार्थनेविषयीची याचिका २०१९ साली मोठ्या पीठाकडे सोपविण्यात आली. परंतु कायदा सांगतो तो सक्ती कोणावर करू नये एवढेच. सक्ती नसली तरी शाळेने प्रार्थना म्हणवून घ्यावी काय, हा प्रश्न नीतीचा आहे आणि तो न्यायालयावर सोपवून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

प्रार्थनेच्या बाजूने जे म्हटले जाते, त्यातील उत्तम ते आधी ध्यानात घ्यावे. महाराष्ट्रातील शाळांमधून साने गुरुजींची जी प्रार्थना पिढ्यान्‌पिढ्या म्हटली गेली, तिच्यात कोणत्याही एका देवाचे नाव पुढे केलेले नाही. जगावर प्रेम करणे, दीनदुबळ्यांना जवळ करणे, हाच तिच्यातील धर्म. ज्याने अमळनेरच्या शाळेत आणि वसतिगृहात मुलांवर आईची माया केली, ज्याने पंढरपूरचे देऊळ अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून १९४७ साली प्राण पणाला लावले, त्या माणसाच्या शब्दांवर संकुचितपणाचा आरोप कोण करील? शिवाय सकाळी पाच मिनिटे शेकडो मुलांनी एका स्वरात काही चांगले म्हणावे, यात एक संस्कार आहे. जातपात, गरिबी-श्रीमंती त्या क्षणापुरती तरी मागे पडते. प्रार्थना काढून टाकली तर त्या जागी उरतील त्या केवळ हजेरी आणि सूचना, अशी भीती पुष्कळांना वाटते. ही भीती अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही.

तरीही या युक्तिवादाला एक अडचण आहे. शब्द कितीही उदार असले तरी ते म्हणवून घेणारा शिक्षक असतो, आणि शिक्षकाच्या नजरेखाली केलेली गोष्ट मुलाच्या दृष्टीने ऐच्छिक राहत नाही. न्यूयॉर्क राज्यातील शाळांसाठी अशीच एक सर्वांना चालेल अशी, अवघ्या बावीस शब्दांची प्रार्थना तयार करण्यात आली होती. ज्याला नको असेल त्याने गप्प राहावे किंवा बाहेर जावे, अशी मुभाही होती. तरीदेखील अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली ती घटनाबाह्य ठरविली. प्रार्थना रचून देणे हे शासनाचे कामच नव्हे, अशी त्या निर्णयाची भूमिका होती. शंभर मुलांमधून एकट्याने बाहेर पडण्याची मुभा ही बारा-तेरा वर्षांच्या मुलाला मुभा वाटत नाही, शिक्षा वाटते. हे समजण्यासाठी मला अमेरिकेतील निकालाची गरज नव्हती. पटांगणावर हसलेली मुले मी स्वतः पाहिली होती.

दुसरी अडचण इतिहासाने दाखविलेली आहे. आपल्या धर्माची प्रार्थना आपल्याला निरुपद्रवी वाटते; दुसऱ्याच्या धर्माची तशी वाटत नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईतील मिशनरी शाळांत बायबलचे शिक्षण हा अभ्यासाचाच भाग होता. १८४३ साली नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांच्या आश्रयाला राहिला होता. वडिलांनी न्यायालयात धाव घेतली आणि न्यायालयाने त्या अज्ञान मुलाला वडिलांच्या हवाली केले. त्याला पुन्हा स्वधर्मात घ्यावे यासाठी बाळशास्त्री जांभेकरांनी पुढाकार घेतला आणि सनातन्यांचा रोष पत्करला. मिशनरी म्हणत, मुलाचे मन वळले आहे. वडील म्हणत, मुलाला मन कसले, तो अज्ञान आहे. सनातनी म्हणत, तो बाटला आहे. मुलाच्या मनावर हक्क कोणाचा, हाच या साऱ्या वादामागचा प्रश्न होता. आपली राज्यघटनाही अज्ञान मुलाच्या बाबतीत पालकाची संमती पुरेशी मानते. कायद्याला कोठेतरी रेषा ओढावीच लागते. परंतु शिक्षकाला मुलाच्या मनाचे अस्तित्व वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत अमान्य करून चालणार नाही. ते अमान्य केले तर तो शिकवितो तरी कोणाला?

मग शाळेतून धर्म सर्वस्वी हद्दपार करावा काय? मराठीच्या शिक्षकाला असे म्हणणे शक्यच नाही. ज्ञानेश्वरी, तुकोबांची गाथा, फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’, शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’, नारायण वामन टिळकांची कविता, जोतीराव फुल्यांचा ‘सार्वजनिक सत्यधर्म’ ही सारी वगळली तर मराठी साहित्यात उरेल किती? येथे एक भेद करावा लागतो. पसायदान परिपाठात म्हटले जाते आणि तेच वर्गात शिकविलेही जाते. शब्द तेच असले तरी या दोन कृती भिन्न आहेत. वर्गात विद्यार्थी विचारू शकतो की, दुष्टांचा नाश न मागता त्यांच्यातील दुष्टपणा जावा असे ज्ञानदेव का मागतात? हे मागणे भाबडे तर नाही? देवच नसेल तर या मागण्याला अर्थ काय? असे विचारणारा विद्यार्थी चांगला विद्यार्थी समजला जातो. परिपाठात तोच प्रश्न विचारणारा उद्धट ठरतो. जेथे प्रश्न विचारता येतो तेथे धर्माचे ज्ञान शाळेचे आहे. जेथे प्रश्न विचारणे हाच प्रमाद ठरतो तेथे ती उपासना आहे, आणि उपासनेचे पौरोहित्य शाळेने करू नये. कोठारी आयोगानेही धार्मिक शिक्षण आणि धर्मांविषयीचे शिक्षण या दोहोंत भेद केला होता, तो मला याच अर्थाने महत्त्वाचा वाटतो.

प्रार्थनेला शाळेतून बाहेर काढणे म्हणजे तिची अवहेलना करणे, असे श्रद्धावंतांना वाटते. माझे मत उलट आहे. आपल्या संतपरंपरेतील थोर प्रार्थनांपैकी कितीतरी कोणत्याही संस्थेच्या छायेत जन्मलेल्या नाहीत. जनाबाईची प्रार्थना जात्यावर दळताना झाली. चोखोबांना तर देवळाच्या आत प्रवेशच नव्हता. त्यांची हाक महाद्वाराबाहेरून गेली. ज्याला हात जोडावयास कोणी सांगितले नाही, किंबहुना ज्याला दूर उभे केले, त्याने मारलेली हाक आज सातशे वर्षांनंतरही खरी वाटते. तिचा खरेपणा या अनाहूतपणातच आहे. प्रार्थना म्हणजे बोलणे असेल, तर न बोलण्याचे स्वातंत्र्य असल्यावाचून त्या बोलण्याला मोल येत नाही. मी ज्या मुलाचे हात जोडले, त्याला मी प्रार्थना शिकविली नाही. प्रार्थना ही शिक्षकाला दाखविण्याची गोष्ट आहे, एवढेच शिकविले. श्रद्धेची याहून मोठी हानी नास्तिकाच्या हातूनही झाली नसती.

याच न्यायाने, मुलाची स्वतःची प्रार्थना रोखण्याचाही अधिकार शाळेला पोचत नाही. परीक्षेच्या आधी कोणी डोळे मिटते, कोणी क्रूस हाताशी धरते, कोणी भस्म लावून येते, कोणी दुपारच्या नमाजाची वेळ मनाशी मोजते. यात दुसऱ्यावर सक्ती नाही, शिकण्यात व्यत्यय नाही. जेथे तो येईल तेथे शाळेने नियम करावा. परंतु व्यत्ययाचे कारण पुढे करून केवळ अपरिचित दिसणाऱ्या श्रद्धेला दाराबाहेर ठेवू नये. कर्नाटकात हिजाबच्या प्रश्नावर उच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये बंदी ग्राह्य ठरविली आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मते परस्परविरुद्ध पडली. इतका हा प्रश्न बिकट आहे. गणवेशाची समता मोलाची आहे, हे मला मान्य आहे. पण समतेच्या नावाने एखादी मुलगी शाळेबाहेर राहत असेल, तर आपण मोजलेली किंमत आपल्या नव्हे, तिच्या खिशातून गेली, एवढे तरी स्मरावे.

परिपाठातील त्या पाच मिनिटांचे काय करावे? महाराष्ट्रात २०२० पासून आणि कर्नाटकात २०२३ पासून संविधानाची उद्देशिका शाळांतून वाचावी, असे शासनाचे आदेश निघाले. विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा आणि उपासना यांचे स्वातंत्र्य तीत नमूद आहे. ते स्वातंत्र्य मुलांनी मुखाने घोकावे आणि लगोलग हात न जोडणाऱ्याला पुढे बोलवावे, ही विसंगती तरी आपल्याला दिसली पाहिजे. राधाकृष्णन आयोगाने १९४९ साली वेगळा मार्ग सुचविला होता. शैक्षणिक संस्थांनी दिवसाचा आरंभ काही मिनिटांच्या मूक चिंतनाने करावा, अशी त्याची शिफारस होती. मला ती अधिक स्वीकारार्ह वाटते. मौनात श्रद्धावंताला आपला देव आठवता येतो, दुःखी मुलाला आपले दुःख आठवता येते, आणि ज्याला काहीच आठवावयाचे नसेल त्याला झाडावरची पाखरे पाहता येतात. कोण काय करीत आहे हे शिक्षकाला कळत नाही, आणि ते न कळणेच इष्ट आहे. मौनाचाही उद्या शिष्टाचार होईल आणि एखादा नवखा शिक्षक डोळे उघडे ठेवणाऱ्या मुलाला पुढे बोलावील, ही शंका मला आहेच. तिच्यावर कोणताही अनुच्छेद पुरा पडणार नाही. तेथे शिक्षकाची समजच लागेल.

तो मुलगा आज पन्नाशी ओलांडून गेला असेल. तो प्रार्थना करतो की नाही, मला ठाऊक नाही. करीत असेल तर ती माझ्यामुळे नव्हे, आणि करीत नसेल तर कदाचित माझ्यामुळे असेल. सकाळी शाळेतील स्वर ऐकू येतात, तेव्हा मला ते गोडच वाटतात. त्या स्वरांत आपला स्वर न मिसळता कोणी एक मूल उभे असेल, तर त्याच्याजवळ कोणी जाऊ नये, एवढेच मनात येते.