निर्दोषाची सुटका : रहस्यकथा आणि कर्मविचार

लहानशा बेटावरील अतिथिगृह, तेथे उतरलेली मोजकी माणसे आणि त्यांच्यातच वावरणारा खुनी, ही मांडणी अगाथा ख्रिस्ती यांनी १९४१ च्या ‘ईव्हिल अंडर द सन’ या कादंबरीत वापरली असून, बाबूराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथांवर पोसलेल्या मराठी वाचकाला ती परकी वाटत नाही. पाटण तालुक्यातील कोयना धरणामागे पसरलेल्या शिवसागराच्या काठी ज्या गावांची ये-जा लाँचीवर चालते, तेथील वाचकाला तर पाण्याने तोडलेल्या वस्तीत शिरलेला संशय किती जाचतो, हे वेगळे सांगावे लागणार नाही.

कर्मसिद्धान्तानुसार, म्हणजे केलेल्या कृतीचे फळ कर्त्याला या किंवा पुढील जन्मी भोगावेच लागते या मतानुसार, अपराधी कोठेही लपला तरी सुटत नाही. मग त्याला शोधण्याचा मानवी खटाटोप कशासाठी, असा प्रश्न उरतो. याचे उत्तर अपराध्याकडे पाहून मिळत नाही, कारण कर्माचा नियम कर्त्याला अचूक गाठत असला तरी शेजाऱ्याला काहीच कळवत नाही, आणि तोवर बेटावरील प्रत्येक निर्दोष माणूस संशयित राहतो. न्यायदर्शनात संशय म्हणजे एकाच वस्तूविषयी दोन विरोधी पर्यायांत हेलकावणारे ज्ञान; संधिप्रकाशात दिसणारा तो खांब की माणूस, हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. पक्ष आणि प्रतिपक्ष दोन्ही तपासून होणाऱ्या निश्चयाला तेथे निर्णय म्हटले आहे, आणि गुप्तहेराचे काम नेमके तेच असते.

महाभारताच्या आदिपर्वातील मांडव्य ऋषींची कथा येथे निर्णायक वाटते. चोरांनी ऐवज आश्रमात लपवला, मौनव्रती ऋषींनी राजाच्या शिपायांना उत्तर दिले नाही आणि त्यांना सुळावर चढवण्यात आले. बालपणी कीटकांना काडी टोचल्याचे हे फळ आहे, असे धर्मदेवाने सांगितले, तेव्हा मांडव्यांनी ते मुकाट्याने स्वीकारले नाही. एवढ्याशा अपराधाला एवढा दंड अन्याय्य ठरवून त्यांनी चौदा वर्षांपर्यंतच्या कृत्याला पाप लागणार नाही अशी मर्यादा घातली आणि प्रत्यक्ष धर्मालाच मनुष्यजन्माचा शाप दिला. तोच विदुर. निर्दोषाच्या यातनेवर कर्माचे स्पष्टीकरण पुरेसे नाही, हे परंपरेने स्वतःच इतक्या धीटपणे मांडले आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातही दंडास अपात्र असलेल्याला दंड करणाऱ्या राजाला नरक सांगितला आहे.

सांगलीजवळील हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘संशयकल्लोळ’ नाटकात तर कोणताही गुन्हा घडलेला नसतो; एका तसबिरीवरून संसार डळमळू लागतात आणि खरा वृत्तांत उघड झाल्यावरच माणसे परस्परांकडे परततात. म्हणून ज्या रहस्यकथेत खुनी सापडतो, पण खोटा आळ सोसलेल्यांविषयी लेखक एक वाक्यही लिहीत नाही, ती कथा निर्दोषाच्या सुटकेच्या कसोटीवर अपुरीच ठरते.