श्रवण आणि ऐपत

घरात बसून गाणे ऐकण्यासाठी मनुष्याने किती खर्च करावा, हा प्रश्न प्रथमदर्शनी बाजाराचा वाटतो. दुकानात जावे, खिसा चाचपावा आणि पुस्तकांच्या फडताळात मावेल अशी स्पीकरांची जोडी घेऊन यावे; यात तत्त्वचिंतनास कोठे अवसर आहे, असे वाचक विचारतील. परंतु ज्या वस्तूचा उपयोग केवळ दुसऱ्याचे म्हणणे आपल्या घरात आणण्यासाठी असतो, तिची निवड ही भांड्याकुंड्यांच्या निवडीहून थोडी वेगळी असते. तीत आपल्या सुखाचा भाग असतो तसा दुसऱ्याच्या हक्काचाही असतो. म्हणून आम्ही हा विषय नीतीच्या प्रांतात ओढीत आहो.

प्रथम ‘परवडणे’ या शब्दाकडे पाहू. आमच्या डिचोली तालुक्यात या शब्दाला अनुभवाची धार आहे. २०१२ साली खाणी थांबल्या, मध्यंतरी थोड्या चालल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा थांबल्या. ट्रकाच्या हप्त्यावर ज्यांचे घर चालत होते त्यांस गरज आणि हौस यांतील सीमारेषा कोणी पुस्तकातून शिकवावी लागली नाही. २०२४ साली डिचोलीच्याच पट्ट्यातून उत्खननास पुन्हा आरंभ झाला; पण हात आखडण्याची जी सवय त्या वर्षांत जडली ती एकाएकी सुटत नाही, आणि सुटू नये असेच आम्हांस वाटते. अशा गावात, गाणे नीट ऐकू यावे एवढ्यासाठी महिन्याच्या मिळकतीचा एखादा हिस्सा खर्चणे योग्य काय? विरक्तीचा सल्ला देणे सोपे आहे. तो सल्ला देणारे एक मोठे उदाहरण पुढे करतात, त्याचा विचार आधी करणे भाग आहे.

पंडित भीमसेन जोशी यांनी बालपणी गदगमधील एका दुकानात वाजणारी अब्दुल करीम खाँ यांची ध्वनिमुद्रिका ऐकली आणि त्या स्वराने वेडावून १९३३ साली, अवघ्या अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधार्थ घर सोडले, ही कथा सर्वश्रुत आहे. त्या काळच्या ग्रामोफोनाचा आवाज तो काय! खर्ज जवळजवळ नाही, वरचा झंकार नाही, आणि सुईची खरखर अखंड. तेवढ्याने जर एक भीमसेन जागा झाला, तर चांगल्या यंत्राचे महत्त्व ते काय, असा हा युक्तिवाद आहे. तो आम्हांस अर्धाच पटतो. भीमसेनांनी ती मुद्रिका ऐकून समाधान मानले नाही, हेच त्या कथेचे मर्म आहे. त्या अपुऱ्या आवाजाने त्यांस खऱ्या गाण्याकडे धाडले. आपण मात्र मोबाइलच्या इवल्या छिद्रातून निघणारा आवाज ऐकतो आणि तेथेच थांबतो. ख्यालाची ती सावली म्हणजेच ख्याल असे मानू लागतो. अपुरे साधन हा दोष नव्हे. अपुऱ्यालाच पुरे समजणे हा दोष होय.

आपल्या भाषेत ‘ऐकणे’ या क्रियापदाला दोन अर्थ आहेत. मुलगा गाणे ऐकतो, आणि शहाणा मुलगा आईचे ऐकतो. कोंकणीतील ‘आयकप’ या शब्दातही हे दोन्ही अर्थ नांदतात. ऐकणे म्हणजे काही काळ दुसऱ्यास पुढे चालू देणे आणि आपण मागून जाणे. नवविधा भक्तीत श्रवणास पहिले स्थान मिळाले याचे एक कारण हेच असावे की, त्यात ‘मी’ला थोडा वेळ बाजूला बसावे लागते. देवळात कीर्तन चालले असता आपणांस न आवडणारा पूर्वरंग गाळून उत्तररंगावर उडी मारता येत नाही. घरी बोट लावले की येते. घरच्या श्रवणाचा मोह येथून सुरू होतो, आणि यंत्र निवडतानाही तो आपला पाठलाग सोडीत नाही.

तो असा. आमच्या फोंडा महालातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरील सुवर्णमुद्रिकेत बसवून अंतराळात पाठविण्यात आली; त्याच वर्षीच्या सप्टेंबरात बाईंनी देह ठेवला. साडेतीन मिनिटांची ती चीज. तासभर फुलणारी गायकी ज्यांच्या कंठात होती त्यांनी ती मुद्रिकेच्या एका बाजूत मावेल अशी बांधून आपल्या स्वाधीन केली. मोगूबाई कुर्डीकरांचे कुर्डी गाव तर साळावलीच्या जलाशयाखाली गेले. उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी ओसरते तेव्हा त्याचे अवशेष वर येतात. गाव बुडाले, स्वर उरला. अशा मुद्रिका म्हणजे आपल्याकडे सोपविलेली ठेव आहे. ठेव जशीच्या तशी परत करावी, तीत भर घालू नये आणि तीतून काढूही नये, हा आपल्याकडील जुना व्यवहारधर्म आहे. ज्या स्पीकरात तबल्याचा डगा गडगडाट करतो आणि त्या गडगडाटात बाईंची मींड बुडून जाते, तो या ठेवीत अफरातफर करतो. दुर्दैवाने दुकानात पहिल्या पाच मिनिटांत मन भुलविणारा तोच असतो. गोड बोलणारा आणि खरे बोलणारा यांतील भेद माणसांत ओळखण्यास जसा वेळ लागतो तसा तो येथेही लागतो.

मग खरे बोलणारा ओळखावा कसा? आमच्या डिचोलीस कुंभारकामाची परंपरा आहे, म्हणून हा प्रश्न येथील माणसास अवघड वाटू नये. मडके घेताना आपण ते बोटाच्या पेराने वाजवून घेतो. चीर असेल तर नाद बद्द येतो. आणि ज्यास घुमट ठाऊक आहे त्यास स्पीकराची रचना निराळी सांगावी लागत नाही. मातीचे भांडे, त्याच्या मोठ्या तोंडावर ताणलेले चामडे, आणि मागे उघडे असे लहान तोंड. चामडे हलते, आतली हवा घुमते, आणि मागच्या तोंडावर हाताची उघडझाप केली की नाद वाकतो. गोव्याने २०१९ साली ज्यास वारसावाद्य म्हणून मान दिला त्या घुमटाची आणि आजच्या बहुतेक लहान स्पीकरांची युक्ती फार जवळची आहे: चामड्याच्या जागी चार ते साडेसहा इंचांचा पडदा, भांड्याच्या जागी लाकडी भुशाच्या दाबलेल्या फळ्यांची पेटी, आणि मागच्या तोंडाच्या जागी एक नळी. वरचे बारीक स्वर काढण्यास जेमतेम इंचभराचा दुसरा पडदा असतो. फरक एवढाच की, घुमटाने स्वतःचा नाद काढावयाचा असतो आणि स्पीकराने स्वतःचा नाद लपवावयाचा असतो. म्हणून दुकानात जाताना आपल्या परिचयाची मुद्रिका न्यावी. सुवारीतील घुमट, तंबोरा आणि एखादा ओळखीचा कंठ. घुमट घुमटासारखा आणि शेजारचे शामेळ शामेळासारखे वाटले, दोहोंचा काला झाला नाही, म्हणजे पुष्कळ काम झाले. पुरुषगायकाच्या तंबोऱ्यातील खर्जाची तार सेकंदास सुमारे ७० कंपने करते. पाच इंची पडद्याची चांगली पेटी तेथवर बऱ्यापैकी पोहोचते. मोबाइलमधून २०० कंपनांखालचा भाग जवळजवळ निघतच नाही, कान तो वरच्या स्वरांवरून तर्काने भरून काढतो.

येथे दुकानदार वॅटांचे आकडे पुढे करील. त्यांनी दिपून जाऊ नये. एका वॅटात, एक मीटर अंतरावर, ८६ डेसिबल आवाज देणारा साधारण स्पीकर घेतला, तर दोन मीटरांवर बसून मध्यम आवाजात, म्हणजे ७० डेसिबलांच्या आसपास, ऐकण्यास सरासरीने वॅटाचा दहावा भाग पुरतो. तबल्याची थाप किंवा गायकाची अचानक उंचावलेली तान धरली तरी खर्च दहा वॅटांच्या फारसा पुढे जात नाही. वीस-तीस प्रामाणिक वॅट घरास विपुल होत. खोक्यावर छापलेले हजारोंचे आकडे क्षणभराच्या स्फोटाचे, पुष्कळदा केवळ कल्पनेचे असतात. ‘किती पुरे’ या प्रश्नाचे उत्तर इतक्या स्पष्टपणे अंकांत मिळण्याचा प्रसंग जीवनात विरळा. तो येथे मिळतो, तरी माणसे दुप्पट घेतात. याचे कारण कानात नसून शेजाऱ्याच्या डोळ्यांत असते.

उरलेल्या पैशाचा विनियोग आम्ही निराळ्या ठिकाणी सुचवू. चिऱ्यांच्या भिंती, गुळगुळीत लादी आणि उघडी सिमेंटची तक्तपोशी असलेल्या खोलीत उत्तम स्पीकरही किंकाळतो. जमिनीवर जाड सतरंजी, खिडकीस पडदा, पाठीमागे पुस्तकांनी भरलेले फडताळ, एवढ्याने जो पालट होतो तो दुप्पट किमतीच्या पेटीनेही होत नाही. पेट्या भिंतीस चिकटवू नयेत. दोन पेट्या आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण व्हावा, लहान पडदा कानाच्या उंचीवर यावा. आमच्या पावसाचाही विचार हवा: पडद्याभोवती स्पंजाची कडा असेल तर दमट हवेत ती काही वर्षांत भुगा होते, रबराची टिकते. आणि ज्याची बॅटरी मेली की सारे खोकेच टाकावे लागते त्यापेक्षा जे म्हापशाच्या किंवा डिचोलीच्या कारागिराकडे उघडून दुरुस्त होईल ते घ्यावे. दुरुस्त होणारी वस्तू हीच खरी स्वस्त वस्तू.

परंतु या सर्वांहून आम्हांस महत्त्वाचा वाटतो तो घरातील वडीलधाऱ्यांचा हक्क. कित्येक घरांत एखादी आजी असते. चाळीस वर्षे तिने सप्ताहाचे भजन चुकविले नाही, आणि आता गुडघे देवळाच्या पायऱ्या चढू देत नाहीत. वयाबरोबर कानाची पहिली झीज वरच्या स्वरांत होते. स्वर ऐकू येतात; ‘स’, ‘त’, ‘क’ यांसारखी व्यंजने हरवतात. अभंगाची चाल कळते, शब्द कळत नाही. आवाज वाढविला की खर्जही वाढतो आणि तो शब्दास अधिकच झाकतो. नातवास ज्या धडधडीचे सुख वाटते ती आजीच्या कानावर पडलेली चादर असते. मधल्या पट्टीत स्वच्छ बोलणारा स्पीकर असेल तर कमी आवाजातही शब्द सुटे होतात. घरात दोघे ऐकणारे असतील तर निवड कोणाच्या कानाने व्हावी, याविषयी आमचे मत निश्चित आहे: ज्यास ऐकण्याचे दुसरे स्थान उरले नाही त्याच्या कानाने.

शेजाऱ्याविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. २००० सालच्या नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलांची मर्यादा घातली आहे आणि रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकास मनाई केली आहे. घरातील लहान पेटी योग्य जागी ठेवली तर या मर्यादेशी झगडण्याची वेळच येत नाही. आणि उत्सवात देवळाच्या कळसाखाली बांधलेल्या कर्ण्यांविषयी महाजनांनीही कधी हाच हिशेब करून पाहावा. देव बहिरा नाही, हे आपण सर्व जण मानतोच.

निवडीसाठी आम्ही एक परीक्षा सुचवितो. दुकानातून पेट्या बोलीवर घरी आणाव्यात, एखाद्या कीर्तनाची मुद्रिका आवाज बेताचा ठेवून लावावी, आणि आजीस बुवांचे वाक्य जसेच्या तसे पुन्हा म्हणावयास सांगावे. तिने ते न अडखळता म्हटले, तर ती जोडी ठेवून घ्यावी, मग तिच्या खोक्यावर कोणताही आकडा छापलेला असो.