पापाची वाढ : एका ख्रिस्ती विचाराचा मागोवा

ख्रिस्ती परंपरेने पापाकडे दोन तऱ्हांनी पाहिले आहे. एक तऱ्हा हिशेबाची : अमुक आज्ञा मोडली, तमुक दोष घडला, त्याची कबुली द्यावी आणि क्षमा मागावी. दुसरी तऱ्हा पापाला सुटी घटना न मानता ते कोठे रुजते, कसे बळावते आणि माणसाच्या इच्छाशक्तीचा ताबा केव्हा घेते, याचा शोध घेते. पहिली तऱ्हा लोकांच्या अधिक परिचयाची असली, तरी विचार म्हणून दुसरीच अधिक खोल गेलेली आहे, आणि तिचा उगम बायबलच्या अगदी आरंभीच्या पानांवर सापडतो.

उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात काइन भावाचा खून करतो. पण त्याआधी, तो नुसता रागाने धुमसत असतानाच, पाप दाराशी दबा धरून आहे आणि त्याला वठणीवर आणणे तुझ्याच हाती आहे, अशा अर्थाची ताकीद देव त्याला देतो. राग आणि कृत्य यांच्यामध्ये माणसाला थांबता येईल इतकी जागा असते, हे या ताकिदीत गृहीत धरलेले आहे. दावीद राजाच्या कथेत हीच जागा आक्रसत जाताना दिसते. सैन्य राब्बा नगराला वेढा घालून बसले असताना राजा यरुशलेमेतच राहतो, संध्याकाळी गच्चीवरून त्याला स्नान करणारी बथशेबा दिसते, ती आपल्याच पदरच्या उरीयाची बायको आहे हे कळूनही तो तिला बोलावून घेतो, आणि ती गरोदर असल्याचा निरोप आल्यावर उरीयाला रणांगणावरून बोलावून घरी पाठवण्याची खटपट करतो. सोबती उघड्यावर असताना उरीया घरी जायला तयार होत नाही, तेव्हा त्याला लढाईच्या तोंडी देऊन बाकीच्यांनी मागे हटावे, असा हुकूम राजा सेनापती यवाबाला लिहितो आणि तो उरीयाच्याच हाती पाठवतो. निरोप आल्यानंतरचे प्रत्येक पाऊल मागचे झाकण्यासाठी टाकलेले आहे. गच्चीवर उभ्या असलेल्या दाविदाच्या मनात खून नव्हता.

नव्या करारातील याकोबाच्या पत्राने या क्रमाला वंशावळीचे रूप दिले : वासना ही आई, पाप हे तिचे अपत्य, आणि ते वाढून मोठे झाले की त्याच्या पोटी मरण येते. मात्र वासनेपासून पापापर्यंतच्या अवधीत मनात नेमके काय घडते, याचे बारकाईने निरीक्षण चौथ्या शतकात ईजिप्तच्या वाळवंटातील संन्याशांनी केले. त्यांतला सर्वांत चिकित्सक म्हणजे इवाग्रियस (मृत्यू इ. स. ३९९). कॉन्स्टँटिनोपलमध्ये एका विवाहित स्त्रीच्या मोहात सापडून तेथून निसटलेल्या या माणसाचे ज्ञान केवळ पुस्तकी नव्हते. त्याने खादाडपणा, कामवासना, लोभ, खिन्नता, क्रोध, आळस, प्रतिष्ठेची हाव आणि गर्व असे आठ प्रकार सांगितले, पण त्यांना पापे न म्हणता ‘विचार’ म्हटले, कारण विचार मनात येणे माणसाच्या हाती नसले, तरी त्याला थारा देणे त्याच्या हाती असते, अशी त्याची भूमिका होती. आळसाचे त्याने केलेले वर्णन आजही चपखल वाटते : भर दुपारी संन्याशाला सूर्य हलतच नाहीसा वाटतो, तो पुन्हापुन्हा खिडकीकडे पाहतो, कोणी भेटायला येते का याची चाहूल घेतो, आणि हळूहळू त्याला ती जागा, ते जगणे, ते हातचे काम यांचा वीट येऊ लागतो. अजून काहीच घडलेले नसते, पण मठ सोडण्याची तयारी मनात झालेली असते.

पुढे सातव्या शतकात सिनाय पर्वतावरील योहान क्लिमाकस याने या अवधीचे टप्पेच मांडले. आधी विचार मनाला स्पर्श करतो, मग मन त्याच्याशी बोलू लागते, मग त्याला संमती देते, आणि अखेरीस बंदिवान होऊन त्या विकाराला आपला स्वभाव समजू लागते. पहिल्या टप्प्यात क्लिमाकस दोष मानत नाही. साध्याशा मोहानेच स्वतःला पापी ठरवून खचणाऱ्यांना या सूक्ष्म भेदाइतका आधार दुसऱ्या कशाने क्वचितच मिळाला असेल.

पश्चिमेकडे ऑगस्टीनने (३५४–४३०) शेवटच्या टप्प्याचा ठाव घेतला. वाकड्या इच्छेतून वासना, तिचे लाड पुरवण्यातून सवय आणि सवयीला आवर न घालण्यातून लाचारी, अशी साखळी त्याने ‘कन्फेशन्स’ या आत्मपर ग्रंथात स्वतःच्या उदाहरणाने उलगडली. त्याच ग्रंथात त्याची आई मोनिका लहानपणी पिंपातून द्राक्षारस काढायला जाई तेव्हाची हकीकत आहे. सुरुवातीला ती केवळ ओठ ओले करी, तेही चवीसाठी नव्हे तर खोडकरपणाने. पण रोज थोडेथोडे वाढत जाऊन ती जवळजवळ भरलेले पेले रिचवू लागली, आणि भांडणात दासीने तिला दारुडी म्हणून हिणवले तेव्हा कोठे तिचे डोळे उघडले. ऑगस्टीनच्या मते पापाची खरी हानी शिक्षेत नसून येथे आहे : माणसाला सुटायचे असते आणि त्याच वेळी सुटायचे नसते, त्याची इच्छा दुभंगते, आणि म्हणून देवाच्या कृपेवाचून त्याला स्वतःची सुटका करता येत नाही.

यानंतर हिशेबाच्या तऱ्हेचे पारडे जड झाले. पोप पहिला ग्रेगरी (कारकीर्द ५९०–६०४) याने आठ विचारांची फेरमांडणी करून गर्वाला मूळ आणि त्यातून फुटणारी सात प्रमुख पापे, अशी रचना केली, आणि १२१५ च्या लॅटरन धर्मपरिषदेने वर्षातून एकदा तरी पापकबुली सक्तीची केल्यावर अशा याद्या धर्मगुरूंच्या नित्य उपयोगाच्या झाल्या. यादी पाठ करायला सोपी, चित्रात रंगवायला सोयीची; पण पाप कोठे थांबवता येते, हे तिच्यातून कळत नाही, आणि वाळवंटातल्या संन्याशांना नेमके तेच हवे होते. कॅथलिक चर्चने १९९२ साली प्रसृत केलेल्या धर्मशिक्षणग्रंथात दोन्ही तऱ्हांना जागा मिळाली आहे. पाप पुन्हापुन्हा घडून दुर्गुण जडवते, सदसद्विवेक झाकोळते, परंतु नीतीची जाण मुळापासून उखडू शकत नाही, हे १८६५ व्या परिच्छेदात आधी येते, आणि सात पापांची यादी त्यानंतर, १८६६ व्या परिच्छेदात येते.