अपेक्षा सोडायच्या कुणी?

दिवाळीची सुट्टी संपवून ऑफिसात गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘कशी झाली दिवाळी?’ उत्तरंही ठरलेली. ‘मस्त’, ‘ठीकठाक’, नाहीतर ‘कधी आली आणि कधी गेली, कळलंच नाही’. मला हे तिसरं उत्तर गमतीशीर वाटतं. ज्या चार दिवसांसाठी आपण दोन महिने आधी तिकिटं काढतो, रजेसाठी मॅनेजरच्या मागे लागतो, तेच चार दिवस कळत नाहीत. मग त्या चार दिवसांत आपलं लक्ष असतं कुठे?

माझ्या कामात टेस्टिंग नावाचा प्रकार रोजचा. एका रकान्यात लिहायचं, प्रोग्रामकडून काय अपेक्षित आहे. दुसऱ्यात, प्रत्यक्षात काय झालं. दोन्ही जुळलं तर पास, नाहीतर फेल. कोडसाठी ही पद्धत उत्तम आहे. पण आपण हाच तक्ता बॅगेत भरून घरी नेतो. अपेक्षित : पोटभर झोप, शाळेतल्या मित्रांचा कट्टा, आठवीत असताना लागायची तशीच चकलीची चव. प्रत्यक्षात : घाटात तीन तास अडकलेली बस, भावाची नाकारलेली रजा, कट्ट्यावर आपापल्या मोबाइलमध्ये मान घातलेले मित्र आणि ‘पॅकेज किती? लग्नाचं काय?’ असं विचारणारे काका. टेस्ट फेल. आणि हा तक्ता भरता भरता भाऊबीज उजाडते.

त्यात घराची एक अडचण जास्त आहे. ऑफिसात अपेक्षित काय ते लिहिलेलं असतं, सगळ्यांनी वाचलेलं असतं. घरात प्रत्येकाचा तक्ता वेगळा आणि कुणी कुणाला न दाखवलेला. आईला वाटतं, पोरं जवळ बसतील. बाबांना वाटतं, कुणीतरी सोबत बाजारात येईल. पोरांना वाटतं, कुणी उठवू नये. संध्याकाळी सगळेच थोडे थोडे नाराज, आणि कारण विचारलं तर उत्तर एकच : ‘काही नाही.’

यावर सध्याचा लोकप्रिय उपाय म्हणजे ‘अपेक्षा सोडा, क्षणात जगा’. रील्समध्ये तो नवा वाटतो, पण आहे जुनाच. गुलामीत वाढलेला एपिक्टेटस सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सांगत होता की आपल्या हातात काय आहे आणि काय नाही, हे आधी वेगळं करा. बस, पाऊस, भावाची रजा यांच्या बाबतीत हे शंभर टक्के पटतं. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला ४७वा श्लोक तर आपल्याकडे सगळ्यांना अर्धा पाठ असतो : फळाची आशा धरू नये. उरलेल्या अर्ध्याची आठवण मात्र सहसा कुणी काढत नाही. त्याच श्लोकाचा शेवट बजावतो, की काम न करण्याचीही ओढ नको. शेवटी तो सांगितलाय कुणाला? धनुष्य खाली ठेवून बसलेल्या माणसाला.

माझा प्रश्न इथून सुरू होतो. अपेक्षा सोडून सण शांतपणे अनुभवायचा, हे परवडतं कुणाला?

नरक चतुर्दशीला पहाटे उटण्याचा वास भान ठेवून घेता येतो, कारण कुणीतरी त्याआधी तासभर उठून पाणी तापवलेलं असतं, तेल कोमट केलेलं असतं, पाट मांडलेला असतो. अनारशासाठी तांदूळ तीन दिवस भिजवून रोज पाणी बदलावं लागतं, मग ते वाळवायचे, कुटायचे, गुळात मळून पीठ मुरत ठेवायचं. केंद्र सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, तर असं काम करणाऱ्या पुरुषाची ९७. हे एरवीच्या दिवसांचं गणित. दिवाळीच्या आठवड्यात त्याचं काय होत असेल, ते कोणत्याही स्वयंपाकघरात डोकावलं की दिसतं.

या बाईला ‘अगं, एवढं कशाला करतेस, अपेक्षा सोड, एंजॉय कर’ असं म्हटलं की तिला ऐकू काय येतं? तू केलंस त्याची गरज नव्हती. पगार नाही, सुट्टी नाही. ‘छान झालंय’ असं कुणीतरी म्हणावं, जेवताना फोन बाजूला ठेवावा, एवढीच तिच्या कामाची मजुरी. तीही सोडायला सांगायची, आणि वर त्याला मनःशांती म्हणायचं?

या दोन गोष्टींतली रेषा मला आपल्याच दोन शब्दांत सापडते. अपेक्षा आणि उपेक्षा. दोन्हींच्या मुळाशी ‘ईक्ष्’ हा एकच धातू आहे, अर्थ : पाहणे. बौद्ध परंपरेत मैत्री, करुणा, मुदिता यांच्या जोडीला चौथी येते ती उपेक्षा. तिथे तिचा अर्थ समभाव : जे आहे ते न हेलकावता पाहणं. मराठीत मात्र याच शब्दाचा अर्थ झाला दुर्लक्ष, हेळसांड. अपेक्षा सोडताना नेमका हाच धोका असतो. समभावाकडे निघालेला माणूस सहज दुर्लक्षात पोचतो, आणि त्याला स्वतःला ते शांतच वाटतं. फरक कळतो तो शेजारच्याला.

म्हणून मी माझ्यापुरता एक नियम केलाय. अपेक्षा स्वतःच्या सोडाव्यात, दुसऱ्याला त्याच्या सोडायला सांगू नये. दुसऱ्याच्या अपेक्षांचं फार तर ओझं वाटून घ्यावं.

गेल्या दिवाळीआधी आम्ही घरी हे तक्ते उघड करून पाहिले. फोनवर प्रत्येकाने एकच गोष्ट सांगायची, जी झाली नाही तर दिवाळी झाल्यासारखी वाटणार नाही. आई म्हणाली, लक्ष्मीपूजनाला सगळे घरात हवेत, मित्रांकडे नंतर जा. बाबांना आकाशकंदील घरीच बनवायचा होता. मला पाडव्याला उशिरापर्यंत झोपायचं होतं. चिवडा, लाडू, शेव यातलं काहीच यादीत आलं नाही. ते विकत आणायचं ठरलं, तेव्हा आई पटकन म्हणाली, ‘चालेल. पण अनारसे मी करणार.’ कोणती अपेक्षा ठेवायची, हे तिचं तिने ठरवलं. मी सोबत चकल्यांचं काम घेतलं.

आणि भान म्हणतात ते मला ध्यानाच्या ॲपपेक्षा सोऱ्यापाशी जास्त भेटलं. चकलीचं शेवटचं टोक नीट दाबून चिकटवलं नाही तर ती तेलात सुटते. हात पिठाने माखलेले, त्यामुळे फोन उचलता येत नाही. तेलाचे बुडबुडे कमी होईपर्यंत थांबावं लागतं, आणि त्या थांबण्यात आई सहज बोलते. तिच्या माहेरच्या दिवाळीबद्दल मला पहिल्यांदा तिथेच कळलं.

त्या दिवशी पहिला अनारसा तुपात टाकला आणि विरघळून पसरला. आई म्हणाली, ‘हसला बघ.’ अनारसा असा फुटला की आपल्याकडे तो हसला म्हणतात. फेल, एरर असलं काही नाही. झाऱ्याने तो बाजूला काढला आणि आम्ही तो गरमच खाल्ला.

दिवाळी असो, गणपती असो की मे महिन्यातलं आजोळ, घरी निघण्याआधी मनातली यादी पुसावी हे खरंच. पण घरी पोचल्यावर, सगळ्यात जास्त राबणाऱ्या माणसाला एक प्रश्न विचारून पाहा : ‘या सुट्टीत तुला काय करायचं नाहीये?’ उत्तर लगेच येणार नाही. बहुधा तिला तो कुणी विचारलेलाच नसतो.