पूल पाहणारा आणि पूल ओलांडणारा

रोमँटिक निसर्गचित्रातील पूल हे दोन तीरांच्या मीलनाचे आणि निसर्गावर मात करणाऱ्या मानवी इच्छाशक्तीचे प्रतीक मानले जाते. या अर्थनिर्णयनात पाहणारा स्वतः पुलावर नाही, हे गृहीत असते. कांटने १७९० मध्ये 'उदात्त' या संकल्पनेची मांडणी करताना ही अट नोंदवलीच होती: कडे, वादळे, धबधबे आपल्याला ओढून घेतात ते आपण सुरक्षित असू तर. म्हणजे या सौंदर्यानुभवाच्या मुळाशी एक विशेषाधिकार आहे. रा. भा. पाटणकरांमुळे कांट मराठीत सविस्तर आला; पण त्याची ही अट नैतिक प्रश्न म्हणून आपण फारशी तपासलेली नाही.

टर्नर १८०२ मध्ये आल्प्समधील सेंट गॉटहार्ड खिंडीत गेला. तेथील 'डेव्हिल्स ब्रिज'च्या त्याच्या एका तैलचित्रात प्रचंड कड्यांमध्ये पुलाची बारीक कमान आणि तीवर इवलीशी माणसे दिसतात. १८०४ चे जलरंगचित्र मात्र पुलाच्या मध्यावरून घेतलेले आहे. शीर्षकातच तसे म्हटले आहे. त्यात कडे आहेत, धुके आहे, खेचरांची वाट आहे, पूल नाही. पुलावर उभ्या असलेल्याला पूल दिसत नाही. प्रतीक विरते आणि पायाखालची खोली तेवढी उरते. माझ्या मते हे दुसरे चित्र अधिक प्रामाणिक आहे.

राधानगरीत हा भेद दर पावसाळ्यात प्रत्यक्ष दिसतो. शाहू महाराजांनी हाती घेतलेल्या धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले, की उसळते पाणी पाहायला लोक जमतात. (अशा वेळी 'नयनरम्य' हे विशेषण वृत्तपत्रांना चुकत नाही.) तेच पाणी पुढे भोगावतीवरील कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांवरून वाहू लागते. खांबांमधल्या खाचांत बर्गे घालून पाणी अडवणारा असा बंधारा अनेक ठिकाणी पूलही असतो. त्याला कमान नाही, उंची नाही. चित्रकाराची नजर खिळावी असे काहीच नाही. तो बुडाला, की दिसते ते नुसते गढूळ पाणी, आणि पलीकडच्या गावाची वाट तुटलेली असते.

यावरून दरवाजांपाशी उभ्या असलेल्यांचा आनंद अपराधी ठरवणे हा उथळ नीतिवाद होईल. पाहण्याने कोणाचा बंधारा बुडत नाही. दुधाची किटली घेऊन अलीकडे अडकलेल्या माणसाला नदी उदात्त वाटत नाही, असेही मी म्हणणार नाही; तिचे रौद्र रूप कदाचित त्यालाच अधिक नेमके कळत असेल. पण त्याला ती सुरक्षितता नाही, म्हणून कांटच्या व्याख्येत त्याचा अनुभव बसत नाही, आणि त्या अनुभवासाठी आपल्या सौंदर्यशास्त्राने अजून दुसरी संज्ञा घडवलेली नाही.