सात वॉशर

म्हाळुंग्यात आबांच्या चाळीत सहा पोरं भाड्यानं राहत. सगळी चाकण एमआयडीसीतली, कुणी फिटर, कुणी वेल्डर, बहुतेक कंत्राटी. मोबाइलवर पैसे लावून पोकर खेळायचा नाद त्यांना होताच. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं कायदा करून तो खेळ बंद केला, तेव्हा रविवारची स्पर्धा खोलीतच सुरू झाली. चिप्सच्या जागी भंगारातले वॉशर, प्रत्येकाला १००. पैशाचं नाव नाही. जो पहिला बाद होईल त्यानं आठवडाभर सगळ्यांची भांडी घासायची.

पत्ते बघायच्या आधी आळीपाळीनं दोघांना सक्तीनं वॉशर लावावे लागतात, ते ब्लाइंड. सुरुवातीला १ आणि २, मग दर पंधरा मिनिटांनी दुप्पट.

त्यातला एक फिटर भारी सावध. एक्क्यांची जोडी आल्याशिवाय ऑल-इन व्हायचं नाही, म्हणजे सगळे वॉशर एकदम लावायचे नाहीत, असं त्यानं ठरवूनच टाकलेलं. ही जोडी सरासरी २२१ डावांत एकदा येते आणि ही पोरं तासाला जेमतेम तीस डाव खेळत, एवढा हिशोब मात्र त्यानं केला नव्हता.

पाऊण तास झाला. ब्लाइंड ८ आणि १६ वर गेले. फिटरकडे ७९ वॉशर उरले होते. हातात बदामचा एक्का आणि बदामचीच नव्वी. त्याच्या आधीच्या सगळ्यांनी पत्ते टाकलेले, मागं फक्त ब्लाइंडवाले दोघं. त्यानं पत्ते डोळ्यांजवळ नेऊन पुन्हा पाहिले, नखानं कोपरा दुमडला आणि टाकून दिले.

पुढच्या फेरीत ब्लाइंडमध्येच २४ गेले. त्याच्या पुढच्या फेरीत ४८. राहिले ७.

आणि तेव्हा एक्क्यांची जोडी आली! त्यानं सातही वॉशर पुढं सरकवले. ७ वॉशरना कोण भितं? तिघं हसत हसत आत आले. फिटर जिंकला. २८ वॉशर ओढून घेतले, मोजले आणि तसाच बसून राहिला. मोठा ब्लाइंड ३२ चा होता. दोन डावांत तो बाद झाला.

मागच्या बाजूला आबा बराखीतला सडका कांदा निवडत बसले होते. फिटर भांडी घेऊन नळावर आला आणि सगळी कथा सांगितली. आबांनी एक कांदा अंगठ्यानं दाबून पाहिला. वरून सोन्यासारखा, आत पाणी.

"एका साली मी भावासाठी दिवाळीपत्तोर थांबलो. भाव आला की! पर निम्मी बराख सडलेली, राहिला त्यो सुकून हलका. चाकणच्या बाजारात काट्यावर पिशव्या टाकल्या, तवा भाव व्हता, माल नव्हता."

"म्हणजे लवकर विकायला पायजे होता?"

"येप्रिलात घाई करणारा बी येडाच. तवा थांबाय काय लागत न्हाई. पर थांबणं माल खाया लागलं, की माल हाय तवरच उठायचं. एकोणऐंशी व्हते, तवा समोरचे दोघं दहादा इचार करत बसले असते का न्हाई?"

फिटर काही बोलला नाही. कुकरच्या बुडाला भात करपला होता, तो खरवडत राहिला. (आबांची गोष्ट ऐकायला सोपी. आभाळाचा भरवसा नाही आणि दिल्लीचाही नाही. २०२३ च्या ऑगस्टात कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, डिसेंबरात निर्यातच बंद. भाव चढेल की पडेल, हे आबांना तरी कुठून कळणार? बराखीतला वास तेवढा कळतो.)

पुढच्या रविवारी ब्लाइंड ८ आणि १६ वर गेले, तेव्हा फिटरकडे ८० वॉशर होते. राजा आणि दश्शी आली. मागं दोघंच. त्यानं सगळे वॉशर पुढं सारले. एकानं लगेच पत्ते टाकले. वेल्डर बराच वेळ पत्त्यांकडे पाहत बसला, मग आत आला. त्याच्याकडे अठ्ठ्यांची जोडी निघाली आणि तीच शेवटपर्यंत वर राहिली.

फिटर भांडी घेऊन नळावर आला.

"काय रं?"

"हरलो."

"कितीवर?"

"ऐंशीवर."

आबांनी मान हलवली. "भांडी ऱ्हाऊ दे. ही पिशवी धर, उद्या बाजार हाय."