सत्य कोणाचे? हॉलिवूडमधील प्रवाद आणि एक नैतिक प्रश्न

प्रवादाचा नैतिक विचार करताना आपण बहुधा सत्यासत्यतेचा निकष पुढे करतो. बोलले गेले ते खोटे असेल तर ती बदनामी ठरते. खरे असेल तर फार तर अभिरुचीचा दोष मानला जातो. हा निकष सोयीचा आहे, परंतु तो पुरेसा आहे काय? मूकपटाच्या उत्तरकाळापासून स्टुडिओव्यवस्थेच्या ऱ्हासापर्यंतचे हॉलिवूड या प्रश्नाच्या तपासणीसाठी विशेष उपयुक्त आहे. कारण तेथे प्रवाद हा चित्रपटव्यवसायाच्या बाहेर उगवलेला रानटी अंकुर नव्हता, तर त्या व्यवसायाच्या रचनेतच त्याला निश्चित स्थान होते.

स्टुडिओ नटनट्यांना दीर्घ मुदतीच्या करारांनी बांधून ठेवीत, त्यांची नावे बदलीत, त्यांना सोयीचे पूर्वचरित्र बहाल करीत. एदगार मोरँ याने १९५७ साली आणि रिचर्ड डायर याने १९७९ साली आपापल्या ग्रंथांत दाखवून दिल्याप्रमाणे तारका ही केवळ व्यक्ती नसते. भूमिका, छायाचित्रे, मुलाखती आणि प्रसिद्धी यांतून घडत जाणारी ती एक प्रतिमा असते. लूएला पार्सन्स आणि हेडा हॉपर यांची वृत्तपत्रीय सदरे या प्रतिमेमागचे ‘खरे’ माणूस दाखविण्याचे आश्वासन देत. पण पडदा बाजूला सारणारा हात आणि पडदा विणणारा हात यांच्यात देवघेव चालू असे. सदराला बातमी हवी असे, स्टुडिओला संरक्षण हवे असे. त्यामुळे काय छापावयाचे याइतकेच काय छापावयाचे नाही, हेही या सौद्यात ठरत असे.

असत्य प्रवादाचे उदाहरण म्हणून रॉस्को आर्बकल या विनोदी नटाचा खटला नेहमी सांगितला जातो. सप्टेंबर १९२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील एका हॉटेलात झालेल्या मेजवानीनंतर व्हर्जिनिया रॅपी ही अभिनेत्री मरण पावली आणि आर्बकलवर मनुष्यवधाचा आरोप आला. हर्स्टच्या वृत्तपत्रांनी खटल्याआधीच निकाल देऊन टाकला. दोन ज्यूरींचे एकमत झाले नाही. तिसऱ्या ज्यूरीने एप्रिल १९२२ मध्ये त्याला निर्दोष ठरविले, एवढेच नव्हे तर त्याच्यावर अन्याय झाल्याचे लेखी निवेदन दिले. तरीही आठवड्याच्या आतच विल हेज याने त्याच्या चित्रपटांवर बंदी घातली. वर्षअखेरीस बंदी उठली, पण आर्बकलची कारकीर्द पूर्ववत झाली नाही. येथे आपला नैतिक निर्णय सोपा आहे, कारण सत्यासत्यतेचा निकष येथे काम देतो.

इन्ग्रिड बर्गमनच्या प्रकरणात तो काम देत नाही. डिसेंबर १९४९ मध्ये पार्सन्सने बर्गमनच्या गरोदरपणाची बातमी छापली. मुलाचा पिता रोबेर्तो रोस्सेलिनी होता आणि बर्गमन दुसऱ्याची पत्नी होती. बातमी खरी होती. मार्च १९५० मध्ये सिनेटर एडविन जॉन्सन याने अमेरिकी सिनेटमध्ये तिचा निषेध केला. प्रेक्षकांचा संताप समजून घ्यावयाचा तर तिच्या आधीच्या भूमिका लक्षात घ्याव्या लागतात: १९४५ साली ती पडद्यावर जोगीण होती, १९४८ साली जोन ऑफ आर्क. प्रतिमा पवित्र असल्यामुळे आपली फसवणूक झाली, असे प्रेक्षकांना वाटले. प्रवादाचे समर्थनही याच वाटेने होते: प्रतिमा खोटी, म्हणून तिचा भंग हे सत्यकार्य. परंतु बर्गमनने प्रेक्षकांना भूमिका दिल्या होत्या, आपले आयुष्य देण्याचा करार केला नव्हता. खरे बोलण्यानेही दुसऱ्याचा अपराध घडू शकतो, हे कान्टने १७९७ साली नीतिमीमांसेत नोंदविले होते: दुसऱ्याच्या प्रतिष्ठेला उणेपणा आणणारी गोष्ट हेतुपूर्वक पसरविणे हे ती गोष्ट खरी असली तरी निंद्यच. वॉरन आणि ब्रँडाइस यांनीही १८९० साली खाजगीपणाच्या हक्काची मांडणी करताना मजकूर खरा असणे हा बचाव होऊ शकत नाही, असे म्हटले होते.

मग सत्य दडविणे हाच धर्म मानावयाचा काय? लोरेटा यंगच्या कन्येची कथा या निष्कर्षालाही अडविते. जूडी लुइस हिचा जन्म नोव्हेंबर १९३५ मध्ये झाला. लोरेटा अविवाहित आणि श्रद्धाळू कॅथलिक, तर पिता क्लार्क गेबल विवाहित. सत्य उघड होते तर दोघांच्याही कारकीर्दी धोक्यात आल्या असत्या. बाळाला काही काळ अनाथाश्रमात ठेवण्यात आले आणि १९३७ साली पार्सन्सच्या सदरातून लोरेटाने मूल दत्तक घेतल्याचे जाहीर झाले. छापील शब्द असत्य होता, तर तोंडी कुजबूज सत्य होती. हॉलिवूडमध्ये ती अनेकांना ठाऊक होती. ठाऊक नव्हती ती जूडीला. तिच्या स्वतःच्या कथनानुसार १९५८ साली विवाहाच्या तोंडावर तिच्या नियोजित वराने तिला हे सांगितले. गेबल १९६० साली मरण पावला. आईने सत्य मान्य केले ते १९६६ साली, तेही खाजगीत.

अशा प्रसंगी भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’तील पहिला अंक आठवणे अपरिहार्य आहे. दुर्मुख लोकापवाद रामाच्या कानात सांगतो. जिच्याविषयी तो आहे ती सीता तेथेच निद्रिस्त असते. नगराला ठाऊक, राजाला ठाऊक, सीतेला नाही. तेथील अपवाद असत्य आहे, जूडीविषयीची कुजबूज सत्य आहे. रचना मात्र एकच आहे. ज्याचा विषय त्यालाच वगळून प्रवाद आपले श्रोते गोळा करतो.

यावरून प्रस्तुत लेखातील प्रतिपादन असे करता येईल की, प्रवादाचा दोष विधानाच्या सत्यतेत वा असत्यतेत नसून सत्याच्या वाटपात आहे. ज्यांचा अधिकार नाही त्यांना तो सत्य पुरवितो आणि ज्याचा अधिकार आहे त्याच्यापासून ते राखून ठेवतो. म्हणूनच १९९४ साली जूडीने आपले आत्मकथन प्रसिद्ध केले तेव्हा सहा दशके कुजबुजले गेलेले तेच विधान प्रवाद राहिले नाही. वाक्य तेच, उक्ती वेगळी. कारण वक्ता बदलला. आणि अधिकारी व्यक्तीलाही सर्व काही ठाऊक असते असे नाही. जूडीचे निधन २०११ साली झाले. त्यानंतर, २०१५ साली, कुटुंबातूनच असे सांगण्यात आले की लोरेटाने उतारवयात त्या संबंधाला आपली संमती नव्हती असे म्हटले होते. संबंधितांपैकी कोणी हयात नसल्याने याची शहानिशा आता शक्य नाही. पण कुजबुजीने या घटनेला प्रथमपासून प्रेमप्रकरणाचा साचा दिला होता, आणि तो साचा कोणी तपासला नव्हता, हे मात्र खरे.

या प्रतिपादनावर एक गंभीर आक्षेप संभवतो. अधिकाराची भाषा बलवानांच्या गुपितांना कवच पुरवील. पॅट्रिशिया मेयर स्पॅक्स हिने १९८५ सालच्या ग्रंथात प्रवादाची बाजू घेताना तो सत्ताहीनांचे साधन असतो, याकडे लक्ष वेधले आहे. २०१७ साली हार्वी वाइनस्टीनविषयीची वृत्ते प्रसिद्ध झाली तेव्हा अभिनेत्री परस्परांना खाजगीत सावध करीत आल्या होत्या, हेही पुढे आले. परंतु हा आक्षेप वरील निकषाला बाध आणीत नाही, उलट त्याची धार वाढवितो. ज्या स्त्रीला धोका आहे तिचा त्या माहितीवर अधिकार आहे. तिला सावध करणारी कुजबूज सत्य योग्य ठिकाणी पोहोचविते. तिच्यापर्यंत न पोहोचता केवळ जाणकारांच्या मेजवानीत रंगणारी कुजबूज पोहोचवीत नाही.

हा प्रश्न समीक्षेलाही टाळता येत नाही. लेखकाची पत्रे, रोजनिश्या, संबंध यांचा आधार घेणारी चरित्रनिष्ठ समीक्षा ‘हे खरे आहे’ एवढ्या आधारावर आपला व्यवहार न्याय्य मानते. सत्यशोधन हे तिचे कर्तव्यच आहे. पण या सत्यावर कोणाचा अधिकार आहे आणि ते सांगताना कोण निद्रिस्त ठेवले जात आहे, हे दोन प्रश्न विचारल्यावाचून ती पार्सन्सच्या सदरापासून आपले वेगळेपण सिद्ध करू शकणार नाही.